बंद करायची गोळी चालू राहिली आणि चालू ठेवायची बंद झाली

एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६९ वर्षांचे, गावी असतात. शुगर बारा वर्षांपासून, बीपी त्याहून जुनं, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. औषधं अशी: टेलमिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली बीपीची गोळी, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, अ‍ॅस्पिरिन ७५, कोलेस्टेरॉलची अटोरव्हास्टॅटिन ४० आणि सकाळी उपाशीपोटी पित्ताची पँटोप्राझोल. मागच्या महिन्यात क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की हा आकडा चढतो) १.६ आलं, गेल्या वर्षी १.१ होतं. वडिलांनी मोबाइलवर दुष्परिणाम वाचले आणि बीपीची व कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली. "या गोळ्यांनीच किडनी जाते," असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर आहे का, असं ताई विचारतात. आणि शेवटी जाता जाता एक ओळ लिहितात: "बाकी गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली साधी दुखण्याची गोळी तेवढी सकाळ-संध्याकाळ घेतात, तीन महिने झाले."

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक त्या शेवटच्या ओळीतच आहे.

तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून मला २७ वर्षं झाली. ही ओळ मी जवळजवळ रोज ऐकतो, आणि ती नेहमी सगळ्यात शेवटी येते. पेशंट सगळ्या गोळ्यांची नावं सांगतो, त्यात ही नसते. डॉक्टरनं लिहून दिलेली नाही, म्हणजे त्याच्या लेखी ते औषधच नाही. "अजून काही घेता का?" विचारलं की "नाही". "अंग दुखलं तर काय घेता?" विचारलं की शर्टाच्या खिशातून पाकीट निघतं. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, नाव कुठलंही असो, जात एकच.

ही गोळी किडनीत काय करते ते सांगतो. ज्यानं रानात पाण्याला दारं धरलीत त्याला हे लगेच कळेल. किडनीत लाखो बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीला रक्त आत येण्याचं एक दार आणि बाहेर जाण्याचं एक दार. दोन्ही दारं नीट धरली तरच आत दाब टिकतो आणि रक्त गाळलं जातं. आतलं दार उघडं ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. दुखण्याची गोळी शरीरात सगळीकडे हीच द्रव्यं कमी करते. गुडघ्यात ती कमी झाली की सूज आणि दुखणं उतरतं. किडनीत कमी झाली की आतलं दार आवळतं.

तुमच्या वडिलांची टेलमिसार्टन बाहेरचं दार सैल करते. त्यामुळे गाळणीवरचा दाब उतरतो, आणि शुगर असलेल्या माणसाची किडनी वर्षानुवर्षं टिकते ती याचमुळे. तिच्या जोडीचं हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ-पाणी काढतं, म्हणजे पाटातलं पाणीच थोडं कमी करतं. बीपीसाठी हे दोन्ही योग्य. पण त्यावर दुखण्याची गोळी आली की आतलं दार आवळलेलं, बाहेरचं सैल आणि पाटाला पाणी कमी. मग गाळणीत दाब राहतच नाही आणि क्रिएटिनिन चढतं.

धडधाकट तिशीतल्या माणसानं दात काढल्यावर हीच गोळी दोन दिवस घेतली तर सहसा काही होत नाही. त्याच्या पाटाला भरपूर पाणी असतं, दार थोडं आवळलं तरी चालतं. म्हणून "शेजारच्यानं घेतली, त्याला काही झालं नाही" या वाक्याला माझ्या लेखी काहीच वजन नाही. गोळी तीच असली तरी किडनी, वय, सोबतची औषधं आणि दिवस वेगळे असतात.

दिवस म्हणालो ते मुद्दाम. काही वर्षांपूर्वी एप्रिलात एक शेतकरी आले, वय ५८. हळद शिजवायचा हंगाम, दिवसभर कढईजवळ उभं राहणं. पाठ भरून आली म्हणून आठवडाभर दुखण्याच्या गोळ्या आणि मध्ये दोन सुया. त्यात दोन दिवस जुलाब. बीपीची गोळी हीच, तुमच्या वडिलांसारखी जोडगोळी, आणि ती त्यांनी इमानानं रोज घेतली होती. मुलगा म्हणाला, "आण्णांना कालपासून लघवीच नाही म्हणावं तर चालेल." क्रिएटिनिन ५.२ निघालं. दुखण्याची आणि बीपीची, दोन्ही गोळ्या थांबवल्या, सलाईन लावलं, डायलिसिसची तयारी ठेवली पण वेळ आली नाही. नवव्या दिवशी १.५ वर आले. त्यांचं मूळचं १.० होतं, तिथं ते पुन्हा कधीच पोचले नाहीत. चौघांनी चार ठिकाणी दिलेलं प्रत्येक औषध आपापल्या जागी रीतसर होतं. पण सगळी औषधं एकत्र मांडून कुणी बघितलीच नव्हती.

थोडं विषयांतर होईल, पण मनात आहे ते लिहितो. लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की आभाळात गिधाडं गोळा व्हायची. आमच्या मुलांनी ती बघितलेली नाहीत. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मढ्यातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि किडनी निकामी होऊन ती लाखांनी मेली. हे कारण २००४ साली संशोधकांनी दाखवून दिलं. २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली, २०२३ साली अ‍ॅसेक्लोफिनॅक आणि कीटोप्रोफेनवर. माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही, दोन गोळ्यांनी कुणी मरत नाही. पण ज्या औषधाला आपण साधं म्हणतो त्याची किडनीशी काय ओळख आहे, हे त्या रिकाम्या आभाळाकडे बघून मला दर वेळी आठवतं.

तुमच्या वडिलांना या गोळीचे आणखी दोन धोके आहेत. पहिला पोटाचा. अ‍ॅस्पिरिन आणि दुखण्याची गोळी एकत्र आली की जठरातून रक्त जाण्याची शक्यता वाढते, आणि कित्येकांना त्याआधी पोटात साधं दुखतही नाही. शी डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची झाली, तर वाट न बघता दवाखाना. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण तिला तो चिकटपणा आणि वास नसतो. पँटोप्राझोलनं हा धोका कमी होतो, संपत नाही. दुसरा धोका हृदयाचा. या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढवतात, आणि ज्याला स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) आहे त्याला हार्ट अटॅकची जोखीम वाढवतात. याच वर्गातलं रोफेकॉक्सिब हे औषध २००४ साली कंपनीलाच जगभरातून मागं घ्यावं लागलं, ते याच कारणानं.

आता त्यांनी बंद केलेल्या गोळ्यांकडे येऊ.

बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातं, हे खरं आहे. सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांत तीस टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही धरूनच चालतो आणि औषध चालू ठेवतो. ती गोळी वर्षानुवर्षं सोसल्यावर अचानक १.१ चं १.६ झालं, म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस टक्के, तर तीन महिन्यांत नवं काय आलं हे आधी बघायला हवं. नवं आलेलं तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. पण म्हणून आज रात्रीपासून जुनी गोळी परत चालू करा, असंही मी इथून सांगणार नाही. किडनी आत्ता कुठल्या अवस्थेत आहे, पोटॅशियम किती, बीपी किती, हे बघून त्यांचे डॉक्टर ठरवतील. ते या दोन-तीन दिवसांतच व्हायला हवं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल मला जास्त कळकळीनं सांगायचं आहे. स्टेंट बसलेल्या माणसानं स्टॅटिन, म्हणजे अटोरव्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची गोळी, सोडणं मला दुखण्याच्या गोळीइतकंच घोर वाटतं. फरक एवढाच की तिचा परिणाम महिन्यांनी दिसतो आणि तेव्हा कुणी त्याचा संबंध लावत नाही. वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ४० मिलिग्रॅमनं उतरलं की हार्ट अटॅक आणि लकव्यासारखे मोठे प्रसंग साधारण एक पंचमांशानं कमी होतात, हे हजारो रुग्णांच्या चाचण्या एकत्र करून पाहिलेलं आहे.

"पण हात-पाय दुखतात हो त्यानं." दुखतात, हे मी कधीच खोटं म्हणत नाही. २०२० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेले साठ जण घेतले. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या दिल्या: चारांत खरं औषध, चारांत दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. रोज किती त्रास होतो ते फोनवर नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यात त्रास कमी होता. खऱ्या गोळीच्या महिन्यात तो वाढला, आणि खोट्या गोळीच्या महिन्यातही जवळजवळ तेवढाच वाढला. खऱ्या गोळीनं जेवढा त्रास झाला त्यातला नव्वद टक्के खोट्या गोळीनंही झाला. म्हणजे त्रास खरा होता, पण त्यातला बराचसा "त्रास होणार" या धास्तीतून आलेला होता. स्वतःचे आकडे बघून त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली. मोबाइलवरची यादी वाचून मग गोळी गिळणाऱ्या माणसाचं काय होत असेल, हे यावरून कळावं.

स्टॅटिननं स्नायूंना खरी इजाही होते, पण ती विरळा असते आणि ओळखता येते. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे एकदम दुखतात, खालून उठताना बळच राहत नाही, लघवी चहाच्या काढ्यासारखी होते. मग गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासायचं. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं, तर अटोरव्हास्टॅटिन चालू आहे हे आवर्जून सांगायचं, कारण त्यानं स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

त्या यादीबद्दलही. औषधाच्या कागदावर पन्नास दुष्परिणाम एकाखाली एक छापलेले असतात, म्हणून सगळे सारखेच वाटतात. परदेशी कागदांवर त्यांची वर्गवारी असते. 'व्हेरी कॉमन' म्हणजे दहांतल्या एकाला किंवा जास्त, 'कॉमन' म्हणजे शंभरातल्या एक ते दहा जणांना, 'अनकॉमन' म्हणजे हजारातल्या एक ते दहा, 'रेअर' म्हणजे दहा हजारांतल्या एक ते दहा. मेटफॉर्मिननं जुलाब होणं पहिल्या गटात बसतं आणि जेवणासोबत घेतल्यानं बहुधा निभतं. त्यानं रक्तात आम्ल साचणं शेवटच्या टोकाला, आणि तेही सहसा किडनी खूप बिघडलेली असेल तेव्हा. वाचताना कुठला त्रास कुठल्या गटात आहे एवढं बघितलं तरी निम्मी धास्ती जाईल.

दुष्परिणाम ओळखण्यात आम्ही डॉक्टरही चुकतो. सुरुवातीच्या वर्षांत एका मावशींना मी बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन दिलं होतं. दोन महिन्यांनी घोट्यांवर सूज घेऊन आल्या, जोडवी रुतायला लागली होती. सूज म्हणजे पाणी, असं समजून मी लघवीची गोळी जोडली. रात्री तीनदा उठणं सुरू झालं, एका रात्री न्हाणीत घेरी येऊन पडल्या आणि मनगट मोडलं. ती सूज अ‍ॅम्लोडिपिनचीच होती. लघवीच्या गोळीनं ती उतरणारच नव्हती, पहिल्या गोळीचा डोस कमी करायला हवा होता. त्यांच्या प्लॅस्टर घातलेल्या हाताकडे बघितलं तेव्हापासून नवी तक्रार आली की मी नवी गोळी लिहिण्याआधी जुन्या गोळ्यांची यादी वरपासून वाचतो. तुम्हीही वडिलांच्या डॉक्टरांना हा प्रश्न विचाराच: "हा त्रास चालू असलेल्या एखाद्या गोळीचा तर नाही ना?" यात डॉक्टरचा अपमान नाही.

वडिलांच्या यादीतली मला खरी काळजी वाटते ती ग्लिमेपिराइडची, आणि तिच्याबद्दल त्यांनी मोबाइलवर काहीच वाचलेलं दिसत नाही. ही गोळी पोटात अन्न असो-नसो, शुगर उतरवत राहते. किडनी मंदावली की तिचा असर लांबतो. आषाढीला, नवरात्रात, श्रावणी सोमवारी सकाळची गोळी घेऊन उपास धरलेली माणसं दुपारी माझ्याकडे येतात: घामानं भिजलेली, असंबद्ध बोलणारी, कधी एक बाजू लुळी पडल्यासारखी. घरचे म्हणतात लकवा गेला. शुगर बघावी तर ३८. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. साखर देऊन बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, कारण या गोळीनं उतरलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरते. वडील एकादशी करत असतील तर उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे आधीच विचारून ठेवा. उपास सोडा असं मी कुणाला म्हणत नाही, विचारून धरा एवढंच म्हणतो.

पँटोप्राझोल त्यांना अ‍ॅस्पिरिनसाठी लागतं, ते राहू द्या. बरीच वर्षं ते आणि मेटफॉर्मिन दोन्ही घेणाऱ्यांचं बी-१२ उतरतं. पाय बधिर, मुंग्या, झोका जाणं, याला सगळे "शुगरमुळे" म्हणून सोडून देतात. एकदा तपासून घ्या, शाकाहारी असतील तर नक्कीच.

आणखी एक. गुडघेदुखीवर कुणी कागदात बांधलेल्या पुड्या किंवा नाव नसलेल्या काळ्या गोळ्या देत असेल, तर तेही विचारा. वडील संकोचानं सांगणार नाहीत, आईंना विचारा. तिसऱ्या दिवशी गुडघा मोकळा, भूक सणसणीत, महिन्यात चेहरा गोल, आणि शुगर कशानंच उतरत नाही, असं असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका धरायची. स्टेरॉइड हे फार मोलाचं औषध आहे, दम्यात आणि कितीतरी आजारांत जीव वाचवतं. पण डोस माहीत नसलेलं स्टेरॉइड शुगरच्या माणसाला घातक. २०२१ साली कोविडनंतर आपल्याकडे काळ्या बुरशीनं किती जणांचे डोळे आणि जबडे नेले ते आपण बघितलं आहे. वाढलेली शुगर आणि गरजेपेक्षा जास्त स्टेरॉइड ही त्यामागची मोठी कारणं होती. मात्र अशा पुड्या महिनोन्महिने घेतल्या असतील तर एका दिवसात बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपलेली असते. औषध एकदम तोडलं तर बीपी कोसळून माणूस दगावू शकतो. डॉक्टरांना सांगून टप्प्याटप्प्यानंच उतरवायचं.

तर आता करायचं काय. दुखण्याची गोळी आजच बंद. अ‍ॅस्पिरिन चालूच. अटोरव्हास्टॅटिन आज रात्रीपासून परत सुरू करायला माझ्या मते हरकत नाही, डॉक्टरांना फोनवर कळवून ठेवा. घरातली सगळी औषधं, बंद केलेली, उरलेली, सर्दीची, चूर्णं, सगळी एका पिशवीत भरा आणि पिशवीच घेऊन जा. चिठ्ठी नको, कारण चिठ्ठीत आपण निवडून लिहितो. क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लघवीतलं प्रथिन आणि हिमोग्लोबिन तपासा. रिपोर्टमध्ये ईजीएफआर म्हणून आकडा येईल, किडनी किती गाळते याचा तो अंदाज. तो ३० ते ४५ मध्ये असेल तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागतो, ३० च्या खाली गेला तर ती बंद. पुढे कधी जुलाब-उलट्या होऊन पोटात पाणी ठरेनासं झालं, तर बीपीची जोडगोळी आणि मेटफॉर्मिन त्या दिवसांपुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. हळदीच्या हंगामातल्या आण्णांना हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्यांची किडनी वाचली असती.

एखादं औषध मानवलं नाही, अंगावर पुरळ आलं, सूज आली, तर तेही नोंदवता येतं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालतो. १८००-१८०-३०२४ या नंबरवर रुग्ण स्वतः सांगू शकतो, पैसे पडत नाहीत.

आणि गुडघा. तो दुखतोच आहे, त्यावर काही दिलं नाही तर वडील आठ दिवसांत पुन्हा मेडिकलमध्ये जातील, आणि मला त्यांचा राग येणार नाही. डायक्लोफिनॅकचंच मलम गुडघ्यावर चोळलं तर रक्तात अगदी थोडं उतरतं. किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणाले तर ते वापरता येईल. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० ची गोळी लागेल तेव्हा, दिवसाला सगळी मिळून तीन ग्रॅमच्या आत. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते या हिशोबात धरायचं. खाली मांडी घालून बसणं बंद, संडासात कमोड किंवा खुर्ची. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. आणि मांडीचा व्यायाम: खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करायचा, मांडी आवळून दहा आकडे मोजायचे, खाली. दहा वेळा, दोन्ही पाय, सकाळ-संध्याकाळ. दुखण्याची गोळी घ्यायच्या ज्या दोन वेळा होत्या, त्याच वेळा व्यायामाला ठेवा, म्हणजे विसरणार नाहीत. फरक पडायला सहा आठवडे लागतात. हे त्यांना आधीच सांगून ठेवा. क्रिएटिनिन मात्र दहा-बारा दिवसांनीच पुन्हा तपासा.